खाडीपलीकडचे शहर आणि अलीकडचे राज्यकर्ते

२०२४ सालच्या जानेवारीत शिवडी आणि न्हावा-शेवा यांना जोडणारा सुमारे २२ किलोमीटर लांबीचा सागरी सेतू वाहतुकीस खुला झाला. मुंबई बेट आणि समोरचा मुख्य भूप्रदेश यांच्यामधील पाणी ओलांडण्याची कल्पना १९६०च्या दशकापासून कागदावर होती. ती प्रत्यक्षात येण्यास जवळजवळ दोन पिढ्या गेल्या. सेतूच्या उद्घाटनाचा उत्साह ओसरतो न ओसरतो तोच, मार्च महिन्यात, दुसरी एक बातमी आली. नरिमन पॉइंट येथील एअर इंडियाची तेवीस मजली इमारत १,६०१ कोटी रुपयांस महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन करण्यास केंद्र सरकारने मंजुरी दिली. मंत्रालयात जागा पुरत नाही, शासनाची अनेक खाती विखुरलेली आहेत, तेव्हा हाकेच्या अंतरावर ही वास्तू मिळत असेल तर ती घ्यावी, असा हा सरळ हिशेब होता. व्यवहार म्हणून त्यात वावगे काही नाही. परंतु या दोन बातम्या एकापुढे एक ठेवून वाचल्या, म्हणजे महाराष्ट्राच्या राज्यकारभारातील अर्ध्या शतकाची एक विसंगती उघडी पडते. माणसांनी खाडीपलीकडे जावे म्हणून शासनाने पूल बांधले, लोहमार्ग नेला, अखेर समुद्रावर सेतूही उभारला; आणि स्वतः शासन मात्र बेटाच्या दक्षिण टोकास, समुद्र बुजवून काढलेल्या त्याच जमिनीवर, आणखी एक मजबूत खुंटी ठोकून बसले.

या विसंगतीचे मूळ समजण्यासाठी साठ वर्षे मागे जावे लागते. मुंबई महानगरपालिकेने १९६४ साली शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध केला. त्या आराखड्यावर अनेकांनी अनेक आक्षेप घेतले. पण चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी नुसता आक्षेप न घेता पर्याय मांडला. मुल्कराज आनंद यांच्या संपादकत्वाखाली निघणाऱ्या 'मार्ग' या नियतकालिकाने १९६५ साली तो प्रसिद्ध केला. त्यातील विचार इतका सोपा होता, की तो आधी कोणाला का सुचला नाही याचेच आश्चर्य वाटावे. मुंबई हे दक्षिणोत्तर पसरलेले चिंचोळे शहर. कचेऱ्या सगळ्या दक्षिणेच्या टोकाला. घरे मात्र उत्तरेकडे सरकत सरकत विरार, कल्याणपर्यंत पोचू लागलेली. त्यामुळे सकाळी लोकल गाड्या दक्षिणेकडे माणसे कोंबून नेतात आणि उत्तरेकडे जवळजवळ रिकाम्या परततात. संध्याकाळी हाच खेळ उलटा. अशा शहरात गाड्या कितीही वाढवल्या, रस्ते कितीही रुंद केले, तरी दुखणे बरे होणार नाही, कारण दुखणे वाहतुकीचे नाही. ते कामाच्या जागेचे आहे. त्यावर उपाय म्हणून त्या तिघांनी बोट दाखवले ते पूर्वेकडे, खाडीपलीकडे. तेथे नवे शहर वसवावे, आणि नुसती घरे न बांधता कामही तेथे न्यावे, म्हणजे शहराचा दक्षिणोत्तर ताण पूर्व-पश्चिम वाटला जाईल.

काम तेथे नेणार कोण? उद्योगपती आपण होऊन जाणार नाही. बँका आणि व्यापारी पेढ्याही जाणार नाहीत. जो इतरांना ओढून नेऊ शकेल असा एकच मालक मुंबईत होता, तो म्हणजे खुद्द राज्य सरकार. सचिवालय खाडीपलीकडे गेले असते तर त्याच्यामागून वकील, कंत्राटदार, कंपन्यांचे प्रतिनिधी, बँकांच्या शाखा, वृत्तपत्रांचे वार्ताहर, चहावाले आणि टंकलेखक अशी सारी वरात निघाली असती. राजधानीचे हे स्थलांतर म्हणजे त्या योजनेचा प्राण होता, बाकी सगळे शरीर.

येथे तत्कालीन राज्यकर्त्यांना त्यांचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६च्या अहवालात उद्योगांच्या विकेंद्रीकरणाची आणि महानगराच्या प्रादेशिक नियोजनाची दिशा दाखवली. त्याच वर्षी प्रादेशिक व नगररचनेचा कायदा झाला. पुढे प्रादेशिक नियोजन मंडळ आले. आणि १७ मार्च १९७० रोजी वसंतराव नाईक यांच्या शासनाने 'सिडको' ही संस्था स्थापन केली. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र, त्यात ९५ गावे, आणि वीस लाख लोकवस्तीचे उद्दिष्ट! १९७१च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या साठ लाखांच्या आत होती, हे लक्षात घेतले म्हणजे या संकल्पाची भव्यता ध्यानात येते. जमीन आधी ताब्यात घ्यावी, ती विकसित करावी आणि तिच्या वाढत्या किमतीतूनच शहराचा खर्च भागवावा, ही आर्थिक कल्पनाही त्या काळाच्या मानाने धीट होती. जे. बी. डिसूझा यांच्यासारखा कर्तबगार सनदी अधिकारी सिडकोचा व्यवस्थापकीय संचालक झाला. ज्यांनी कल्पना मांडली त्या कोरिया-पटेलांनाच आराखड्याच्या कामात घेतले गेले. टीकाकाराला जबाबदारी देण्याचे हे औदार्य आपल्या राज्यकारभारात एरवी फारसे आढळत नाही.

तेव्हा दृष्टी नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. मग घोडे अडले कोठे?

ते अडले नरिमन पॉइंटपाशी. ज्या वर्षांत खाडीपलीकडच्या भातखाचरांवर नव्या शहराचे नकाशे रेखले जात होते, त्याच वर्षांत, त्याच शासनाच्या आशीर्वादाने, बॅकबेमध्ये समुद्र बुजवून कचेऱ्यांचे उत्तुंग मनोरे उभे राहत होते. एका हाताने शासन कामाला सांगत होते, की पूर्वेकडे जा. दुसऱ्या हाताने त्याच कामासाठी दक्षिणेकडे आलिशान बैठक अंथरत होते. यामागे कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याची गरज नाही. समुद्रातून काढलेल्या प्रत्येक भूखंडाचा पैसा तिजोरीत लगेच पडणार होता. नवे शहर फळणार होते वीस वर्षांनी, आणि तोवर ते नुसते खाणार होते. ज्याला पुढील अर्थसंकल्पाची तोंडमिळवणी करायची आहे आणि त्यापुढील निवडणुकीला सामोरे जायचे आहे, त्याने कोणता पर्याय निवडला असता हे सांगण्यास ज्योतिषी नको.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की नव्या शहराचा त्याग करण्याचा ठराव कोणीही, कधीही केला नाही. उलट प्रत्येक मुख्यमंत्र्याने त्याचे गोडवेच गायिले. योजना फेटाळली गेली असती तर निदान तिच्यावर वाद झाला असता, कोणी राजीनामा दिला असता, सभागृहात प्रश्न विचारले गेले असते. तिचे मरण आले ते लहान लहान, प्रत्येकी समर्थनीय अशा निर्णयांतून. एक भूखंड येथे दिला, एक खाते तेथे ठेवले, एक वास्तू सोयीसाठी जवळच बांधली. १९८१च्या एप्रिलमध्ये नव्या विधान भवनाचे उद्घाटन झाले तेही मंत्रालयाच्या शेजारी, बॅकबेच्या भरावावरच. सिडकोची स्थापना होऊन त्या वेळी अकरा वर्षे लोटली होती. बेलापूरला कोकण भवन उभे राहिले आणि विभागीय कचेऱ्या तेथे गेल्या, हे खरे. पण ज्या दारात माणसे अर्ज घेऊन तिष्ठत उभी राहतात, ते मंत्र्याचे दार काही हलले नाही. मग इतरांनी तरी का हलावे?

परिणाम व्हायचा तोच झाला. १९७३ साली ठाण्याच्या खाडीवर पूल झाला आणि वाशीत वस्ती होऊ लागली. पण वाशीत घर घेतलेला कारकून रोज सकाळी तोच पूल ओलांडून फोर्टकडे जाऊ लागला. नव्या शहराने मुंबईचे काम ओढून घेण्याऐवजी तिला आणखी एक उपनगर मिळवून दिले. लोहमार्ग वाशीला पोचला १९९२च्या मे महिन्यात, म्हणजे सिडकोच्या स्थापनेनंतर बावीस वर्षांनी. आणि त्याच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भार सिडकोने उचलला तेव्हा कोठे तो आला. जे जन्माबरोबर मिळायला हवे होते ते शहराला लग्नाच्या वयात मिळाले. दरम्यान १९७७ पासून वांद्रे-कुर्ला संकुलाचे नियोजन महानगर प्रदेशाच्या नव्या प्राधिकरणाकडे आले आणि कचेऱ्यांचे तिसरे आकर्षणकेंद्र, तेही पुन्हा खाडीच्या अलीकडेच, तयार झाले. दक्षिण टोकावरची गर्दी पातळ करण्याचा तो प्रयत्न होता, हे मान्य केले तरी ज्या पाहुण्यांची नवी मुंबई वाट पाहत होती, ते वाटेतच उतरले एवढे खरे.

नवी मुंबई अयशस्वी ठरली असे मात्र म्हणता येणार नाही. २०११च्या जनगणनेत तिच्या महापालिका क्षेत्रात अकरा लाखांहून अधिक लोक राहत होते. मुंबईच्या घाऊक बाजारपेठा तेथे गेल्या. कांदा-बटाटा बाजार १९८१ साली, भाजी आणि फळांचे बाजार १९९६ साली. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले आणि २०२५ साली विमानतळही झाला. बाजारांच्या स्थलांतराची हकीकत तर मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. व्यापाऱ्यांचा विरोध थोडाथोडका नव्हता. पण तेथे शासनाने स्थलांतर केवळ सुचवले नाही, कायद्याच्या बळावर घाऊक व्यापाराची जागाच बदलली. कांद्याच्या व्यापाऱ्याला जो नियम लावता आला, तो खातेप्रमुखाला लावता आला नाही. व्यापाऱ्याला हलवणे सोपे असते. त्याच्या सहीने फाइल अडत नाही.

नेतृत्वाच्या दीर्घदृष्टीची चर्चा आपल्याकडे बहुधा कल्पनेच्या भव्यतेवर येऊन थांबते. ज्याने मोठे स्वप्न पाहिले तो द्रष्टा, असे आपण चटकन म्हणून मोकळे होतो. मुंबईच्या या कथेत स्वप्नांची वाण कधीच नव्हती. उणीव होती ती मोहाच्या वाटा स्वतःहून बंद करण्याच्या निग्रहाची. खाडीपलीकडे जायचे ठरले त्याच दिवशी बॅकबेचा भराव थांबवणे आणि राजधानीच्या स्थलांतराची तारीख कायद्यात लिहून ठेवणे, या दोन गोष्टी झाल्या असत्या, तर पुढच्या मुख्यमंत्र्याला मागे फिरण्यासाठी विधिमंडळापुढे उभे राहून कारण सांगावे लागले असते. तसे झाले नाही. आणि पुढचे मुख्यमंत्री तर झपाट्याने बदलत गेले. वसंतराव नाईक ११ वर्षांहून अधिक काळ पदावर होते. ते १९७५च्या फेब्रुवारीत पायउतार झाल्यापासून १९८५च्या जूनपर्यंत पाच व्यक्ती सहा वेळा त्या खुर्चीवर येऊन गेल्या, आणि मध्यंतरी राष्ट्रपती राजवटही येऊन गेली. इतक्या अस्थिर खुर्चीवर बसलेल्या माणसाने वीस वर्षांचा विचार करावा, ही अपेक्षाच भाबडी. म्हणूनच तो विचार खुर्चीच्या स्वाधीन न ठेवता अन्यत्र कोठेतरी पक्का बांधून ठेवावा लागतो.

हे अशक्य होते असे म्हणण्याची सोय महाराष्ट्राला नाही, कारण त्याच वर्षांत, त्याच राज्यकर्त्यांनी, ते एकदा करून दाखवले आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ग्रामीण भागात मागेल त्याला काम देण्याची कल्पना धरली आणि सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा लहान प्रमाणावर प्रयोग झाला. पुढे १९७२चा दुष्काळ आला. १९७३च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर राबणाऱ्यांची संख्या जवळपास ५० लाखांवर गेली होती. दुष्काळ संपला, की दुष्काळाची आठवणही पहिल्या पावसाबरोबर वाहून जाते, हा सर्वत्रचा अनुभव. येथे तसे झाले नाही, कारण त्या कल्पनेच्या पाठीशी पैशाची आणि कायद्याची तटबंदी उभारली गेली. १९७५ साली व्यवसाय कर आला. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. शहरातील पगारदाराने कर द्यावा, शासनाने त्यात तेवढीच भर घालावी आणि त्यातून खेड्यातील मजुराला काम मिळावे, अशी ती योजना. शिक्षकाच्या वा कारकुनाच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपयांची आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची जी कपात दिसते, तिचा उगम या निर्णयात आहे. कपातीकडे पाहून कपाळाला आठी घालणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असते, कोण जाणे.

रोजगार हमीत दोष पुष्कळ निघाले. हजेरीपटांवर खोटी नावे चढली, पाझर तलाव अर्धवट राहिले, जमा झालेला पैसा खर्चाविना पडून राहिला. तरीही मुख्यमंत्री आले आणि गेले, पक्ष फुटले आणि जुळले, आणि योजना टिकली; इतकी, की २००५ साली केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव देशापुढे होता. तीच माणसे, तोच काळ, तेच विधिमंडळ. एका कामात त्यांनी आपल्या वारसांचे हात बांधून ठेवले, आणि थोडेसे आपलेही. दुसऱ्या कामात सगळ्यांचेच हात मोकळे सोडले. खेड्यातील मजुराला हमी देण्यासाठी मंत्र्याला आपली कचेरी सोडावी लागत नव्हती, हाही एक फरक आहेच.

आणि तरी, खाडीपलीकडच्या शहराच्या नियोजनात जी सर्वांत मोठी उणीव होती ती स्थलांतराची नव्हेच. ती होती तेथे आधीपासून राहणाऱ्या माणसांची. नकाशावर ३४४ चौरस किलोमीटर दिसत होते. त्यात ९५ गावांतील आगरी आणि कोळी समाजाची भातशेती, मिठागरे आणि मासेमारीच्या जागा होत्या. वीस लाख नव्या नागरिकांचे घर, शाळा, बाग, रस्ता यांचा विचार करणाऱ्या आराखड्यात जमीन देणाऱ्याचा विचार मोबदल्याच्या आकड्यापुरताच राहिला. ज्या जमिनीच्या वाढत्या किमतीतून शहर उभे राहणार होते, त्या वाढीत मूळ मालकाचा वाटा किती, हा प्रश्न प्रथम कोणी नीटपणे विचारलाच नाही. तो विचारला शेतकऱ्यांनी, शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली, आणि त्याची किंमत त्यांनी रक्ताने मोजली. १९८४च्या जानेवारीत उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे सूत्र या संघर्षातून आकारास आले आणि १९९०च्या दशकात ते अंमलात आले. सिडकोच्या स्थापनेपासून मोजले तर वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. जे सूत्र पहिल्याच दिवशी शक्य होते, न्याय्य होते आणि स्वस्तही पडले असते, ते दोन दशकांनी, पाच चिता पेटल्यानंतर सुचावे! पन्नास वर्षांपुढचे पाहणाऱ्यांना पायाखालचे दिसले नाही, यापेक्षा त्या नियोजनावर कठोर टीका काय करणार?

शासनाला आपली चूक सुधारण्याची एक संधी मधल्या काळात चालूनही आली होती. २०१२च्या जून महिन्यात मंत्रालयास भीषण आग लागली, वरचे मजले भस्मसात झाले, खाती रस्त्यावर आली. ज्या घरातून निघायचे मनात होते पण निघवत नव्हते, ते घरच राहण्याजोगे उरले नव्हते. तेव्हा तरी खाडीपलीकडे पाहिले जाईल, असे कोणाला वाटले असल्यास ते स्वाभाविक होते. प्रत्यक्षात त्याच जागी त्याच वास्तूचे नूतनीकरण झाले. त्या अग्निकांडानंतर जी जागेची टंचाई भासू लागली, तिच्यातूनच अखेर एअर इंडियाची इमारत घेण्याचा विचार पुढे आला.

आता तिसऱ्या मुंबईचे बोलणे सुरू झाले आहे. सागरी सेतूच्या पलीकडच्या टोकाला, उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतील १२४ गावांचे सुमारे ३२३ चौरस किलोमीटरचे क्षेत्र नव्या शहरासाठी अधिसूचित होऊन, २०२४च्या ऑक्टोबरात मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे त्याच्या विकासाची जबाबदारी सोपवण्यात आली. आकडे पाहिले तर १९७०चाच नकाशा थोडा दक्षिणेकडे सरकवून पुन्हा काढल्यासारखा वाटतो. शब्दही तेच आहेत: विकेंद्रीकरण, रोजगार, जागतिक दर्जा. गावकऱ्यांचा विरोधही तसाच आणि त्याच भागात उमटू लागला आहे. उरण-पनवेलच्या ज्या घरांत १९८४च्या आठवणी आजीआजोबांच्या तोंडून ऐकत मुले मोठी झाली, त्यांना आश्वासनांची भाषा नव्याने शिकवावी लागणार नाही.

या वेळी जमीन देणाऱ्याचा वाटा पहिल्याच अधिसूचनेबरोबर कायद्याने ठरणार, की पुन्हा कोणी रस्त्यावर उतरेपर्यंत थांबायचे? आणि शासनाचे कोणते खाते, कोणत्या साली, आपल्या सचिवासह आणि मंत्र्यासह तेथे राहायला जाणार? तिसऱ्या मुंबईची जी चित्रे प्रसिद्ध होतात त्यांत उंच मनोरे आहेत, रुंद रस्ते आहेत, झाडेही आहेत. खात्याचे नाव आणि स्थलांतराची तारीख मात्र अद्याप कोठे दिसलेली नाही.